मनगट

ऑर्कनी बेटावरच्या शाळेत आयल्सा शिकली:
समोरासमोरच्या दोनच बाजू समांतर, तर ट्रॅपिझियम.
एकही जोडी जुळत नसेल, तर ट्रॅपिझॉइड.
बापाचं मेंढ्यांचं कुरण ट्रॅपिझियम होतं.
दोन दगडी बांध समुद्राकडे शिस्तीत गेलेले,
उरलेले दोन जमेल तसे.

लग्न होऊन डुलुथला आली
तर इथे नेमकं उलट.
पुढे नातवाच्या वहीत
तिने सांगितलेल्या उत्तरावर लाल फुली.
"आजी, तुला शब्द उलटे शिकवलेत."
"उलटे तुमचे," ती म्हणाली,
आणि बटाटे सोलत राहिली.

मॅग्नसचं पत्र आलं. कुरण विकायचंय, तुझी सही हवी.
सोबतच्या नकाशावर तिने पेन्सिलीने
एक नाव लिहिलं, खोडलं,
दुसरं लिहिलं, तेही खोडलं.
पाकीट मिठाच्या बरणीमागे सारलं.

फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फाने घात केला.
एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टर ओयेलारान म्हणाले,
अंगठ्याच्या बुडाशी हे ट्रॅपिझियम,
त्याला खेटून, तर्जनीखाली, ट्रॅपिझॉइड.
"दोन्ही?"
"दोन्ही. सगळ्यांनाच असतात."
ती इतकी हसली
की नर्स दारातून डोकावली.

रात्री डाव्या हाताने नंबर फिरवला.
सहा आठवडे सही जमायची नाही रे,
मनगटातलं हाड मोडलंय.
तिकडे बराच वेळ नुसता वारा.
मग मॅग्नस: "कुठलं?"
"आपलं."