बिजागरीची बाजू

न्यूयॉर्क, १९१२

सतरा महिन्यांत हे दार मी अकरा वेळा बसवलं.
फोर्सिथ स्ट्रीट, दुसरा मजला. खाली लोणच्याची पिंपं,
वर फायवेल क्रिम्सचा पत्त्यांचा अड्डा.
पाइनच लाव, लाझार, म्हणायचा,
फोडायलाच तर आहे.

खोटी धाड मला लाकडावरून कळते.
कुऱ्हाड पडते मधल्या पातळ फळीवर,
तीन घाव, फार तर चार. आवाज मात्र दांडगा.
चौकटीला ओरखडा नाही, कुलूप शाबूत.
जिन्यातल्या पोराची शिट्टी आत केव्हाच पोचलेली,
पत्ते गायब, टेबलावर डॉमिनो, ग्लासांत चहा,
आणि वार्ताहर टोपी सावरत लिहून घेतोय:
लेफ्टनंट डोनेलन यांची धडक कारवाई.
दुसऱ्या दिवशी सकाळी मी.
दाराचे चार डॉलर फायवेलकडून,
कुऱ्हाडीला धार लावायचा पाऊण डॉलर चौकीकडून.
कुंपण शेत खातं म्हणतात.
मी कुंपण दुरुस्त करायचो. दोन घास माझ्याही पोटात गेले.

शिट्टीवाला पोर माझाच. मोटके. अकरा वर्षांचा.

दर शुक्रवारी, मेणबत्त्या लागायच्या आधी,
सिमी ग्लुक पाकीट घेऊन जिना उतरायचा.
ऑगस्टात फायवेलनं पाकीट दिलं नाही.
म्हणाला, मी माणूस आहे, दुभती गाय नाही.
म्हणाला, सरकारी वकिलापुढं बसून सांगेन,
तारीखवार, नावानिशी.
आणि हसला. सोन्याचा दात
त्यानं अजून गहाण टाकला नव्हता.
मग मला म्हणाला, आता खरं दार कर.

दोन इंची ओक. आतून पत्रा. तीन अडसर.
आयुष्यात पहिल्यांदाच
न फुटण्यासाठी दार करत होतो.
तीन रात्री रंधा थांबला नाही.
चौकट तेवढी जुनीच ठेवली.
खालच्या बिजागरीपाशी पटाशी टेकवली तर
पावात सुरी जावी तशी गेली.
भिंत फोडावी लागली असती.
मी पुट्टी भरली, वरून रंग दिला.

डोनेलन एकटाच आला, साध्या कपड्यांत.
सालपटांवर बूट ठेवून म्हणाला,
तुझा पोरगा सुरेख शिट्टी वाजवतो.
सुधारगृहात अशी पोरं लवकर गप्प होतात.
मग, जाता जाता विचारावं तसं:
नवं दार मजबूत आहे म्हणे?

मी एक शब्द बोललो नाही.
देवाशपथ, एक शब्द नाही.
भुशात बोटानं एक चौकोन काढला,
आणि डाव्या अंगाला, खाली,
एक टिंब.
त्यानं ते बुटानं पुसलं.

त्या मंगळवारी मोटकेला मी ब्रुकलिनला मावशीकडं धाडलं.
शिट्टी वाजली नाही. वार्ताहर नव्हता.
घाव दोनच.
तिन्ही अडसर जागच्या जागी,
आणि दार अख्खंच्या अख्खं आत पडलं,
बूट न काढता झोपलेल्या माणसासारखं.
अहवालात आलं: आरोपी पळताना जिन्यावरून घसरला.
त्या जिन्याला चौदाच पायऱ्या आहेत.

सात दिवसांचं सुतक संपलं तसं पर्लनं बोलावलं.
घरमालकाला दार जागेवर हवं होतं.
मी गुडघे टेकून मापं घेत होतो.
माझ्या डोक्यावरून तिनं विचारलं,
घाव इथंच कसा पडला?
लाकूड जुनं होतं, म्हटलं.
ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली.
मग चार डॉलर मोजले, नाणं नाणं,
पाइनचा भाव.
मी ते घेतले.

मोटके परत आलाय. आता शिट्टी वाजवत नाही,
वर येतो आणि बोटानं दार ठोकतो, हळूच,
नेमकं डावीकडं, खाली.
त्याला कुणी सांगितलं, मी विचारलेलं नाही.