इशारा पातळी

विश्रामबागेत, टायरच्या दुकानावर, माझ्या दोन खोल्या.
पाटीवर नुसतं नाव आणि वेळ.
'मानसोपचार' हा शब्द मीच खरवडून काढला,
जिना चढणारे दोनदा मागं वळून बघायचे म्हणून.
आता कुणी खाली विचारलं की टायरवाला सांगतो,
"वर? वर झोपेचं बघतात."

खरंच, झोपेचंच घेऊन येतात सगळे,
जतहून, कवठ्याहून, पलूसच्या कारखान्यातली दुसरी पाळी टाकून.
पहिल्या खेपेला झोप. दुसऱ्या खेपेला पित्त.
तिसऱ्या खेपेला, दाराशी, चप्पल घालता घालता,
"मॅडम, अजून एक होतं."
त्या एकाला आमच्या बोलीत शब्द नाही.
आहेत त्या शिव्या, नाहीतर पेपरातले.
म्हणून ते म्हणतात, 'ते'. 'माझं ते'.
मीही विचारते, कधीपासून आहे ते?

कुंतीनाथ म्हणू त्याला. खरं नाव त्याच्यापाशी असू दे.
पाटबंधारे खात्यात, आयर्विन पुलापाशी पाणी मोजतो,
पावसाळ्यात दर तासाला आकडा वर कळवतो.
मी पुढ्यात प्रश्नावली ठेवली:
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस वाटलं, आपण नसलेलं बरं?
कधीच नाही. काही दिवस. बरेच दिवस. जवळजवळ रोज.
त्यानं पेन खाली ठेवलं.
"दिवसांत नाही जमायचं. फुटांत सांगू?"
सांग.
"काल रात्री अडतीस.
बेडकिहाळला मुलगी बघायला नेलं होतं, तेव्हा त्रेचाळीस."
सांगलीतलं शेंबडं पोरही जाणतं,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
मी वहीत त्रेचाळीस लिहिलं.
तीन नीट आला नाही.

एक सांगायचं राहिलंय.
अठ्ठ्याण्णव साल, मिरज, मी नवी.
हळदीच्या अडत्यानं मुलाला आणलं,
पोराच्या नखांत पिवळं.
मी त्याच्या मनगटात रबरबँड चढवला.
तसा विचार आला की ओढायचा, सोडायचा.
पुस्तकात होतं. सरांनी करून दाखवलं होतं.
पट्टीनं रेघा मारून तक्ता दिला त्याला:
तारीख, वेळ, किती वेळा.
तिसऱ्या आठवड्यात तक्ता भरलेला, मनगट जांभळं,
आणि तो म्हणाला, "ताई, कमी होतंय."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.
पुढं आला नाही.
फाइलवर माझ्याच अक्षरात आहे: सुधारणा.

असेल, तर आता पोक्त माणूस असेल.
हळदीच्या पेठेतून जाताना
मी अजून मनगटं बघते.

परवा तासगावची एक आई,
पर्स मांडीवर घट्ट धरून,
"करंट देऊन जातं का हो?"
नाही.
"गोळी?"
नाही.
"मग तुम्ही करता काय?"
प्रश्न बरोबर होता. मी तिला पाणी दिलं.
तिनं प्यायलं नाही, पण उठलीही नाही.

माझ्या फॉर्मवर एक ओळ आहे:
अडीअडचणीला कुणाला कळवायचं?
ही माणसं ती कोरी सोडतात.
कुंतीनाथनं पाचव्या खेपेला भरली.
शौकत, मिरज, सतारीचे भोपळे वाळवतो.
पुढं छापलंय: नातं.
"इथं काय लिहू?"
मला सुचलं नाही.

काल रात्री सव्वाबाराला मेसेज आला: एक्केचाळीस.
मी उठून बसले.
नदी, की तू?
बराच वेळ नुसतं 'टाइप करत आहे',
थांबतंय, पुन्हा टाइप करत आहे.
मग:
"नदी. मी पुलावर आहे, ड्यूटी.
शौकत आलाय, खात्याच्या छत्रीत दोघं मावत नाही.
भडंग सादळलंय, तरी खातोय."

मी विचारलं, आणि तू?
त्यावर निळ्या दोन खुणा आल्या.
दिवा चालूच ठेवला मी.