पुढचे दोन शॉक

साखळीच्या खाणरस्त्यानं खाल्ले पुढचे दोन्ही.
फणसाखाली गाडी, जॅकवर, चाक उतरवलेलं.
नट गंजून झाडाची गाठ झालेला.
डिझेल ओतलं, शिवी घातली,
शेवटी जेरोनिमनं विहिरीच्या पंपाचा पाइप आणून
पान्याच्या दांड्यात खुपसला, दोघं लोंबकळलो.
कट्ट.

स्प्रिंग आवळताना म्हणाला, तोंड कुशीक कर,
सुटली तर नाव विचारत नाही ती.

जुना दांडा हातानं दाबून पाहिला.
आत गेला. तिथंच राहिला.
बांबोळीला डायलिसिसला नेताना आबा
प्रत्येक गतिरोधकावर म्हणायचे,
'काही नाही रे, चल.'

संध्याकाळी, हात न धुताच,
गाडी त्याच वाटेनं नेली आमोण्याच्या पुलापर्यंत.
खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत.
मागच्या सीटवरून कोणी काही म्हणालं नाही.