निमखारं

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट यायला अजून वेळ आहे.
पिशवीत फाईल, फाईलमध्ये मी:
दर्शनी पाळयेकर, वय चौतीस,
मत्स्यशास्त्रात एम.एस्सी.,
नऊ वर्षं कोळंबीच्या हॅचरीत,
शेवटची तीन पाळीप्रमुख.
पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, टाक्या ओस पडल्या,
मालकाने पंपसुद्धा विकले.
हे शेवटचं वाक्य फाईलमध्ये नाही.

पंधरा महिने जाहिराती वाचतेय.
पिंजऱ्यात चोणक वाढवणारी एक कंपनी म्हणाली,
तुम्हाला शिकाऊ म्हणून कसं घेणार, बाई,
शिकाऊ म्हणजे पंचविशीच्या आतला, बारा हजारांत राबणारा.
दुसरीला प्रकल्पप्रमुख हवा होता:
डॉक्टरेट, पंधरा वर्षं, स्वतःची गाडी.
शिडीची खालची पायरी आहे, वरची आहे,
मधल्या कुणीतरी
चुलीत घातल्या असाव्यात.

आज पणजीत, तिसऱ्या मजल्यावर,
खारफुटी लावणारी संस्था.
एसी इतका की कागद गार लागत होते.
टेबलापलीकडच्या तिघांतला एक म्हणाला,
हेक्टरी किती रोपं लावाल?
मी म्हटलं, आधी पाणी बघेन.
कुठून येतं, किती वेळ थांबतं, जाताना काय नेतं.
त्याने रोपांच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
मग मी बोलतच सुटले, कुणी न विचारता:
आमच्या चोडणला बांध फुटला,
आणि माझ्या मावशीच्या कोरगुटाच्या शेतात
खारफुटी आपोआप उगवली.
आता तोडायला कायदा आड येतो, पेरायला खारं पाणी.
तुम्ही त्याला जंगल म्हणाल, मावशी पडीक म्हणते.
पूर्ववत करायचं म्हणजे
नेमकं कुठल्या साली परत जायचं?
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
म्हणाल्या, कळवतो.

बोटीत चार स्कूटर, एक पाववाला,
दोरीने बांधलेला कुणाचा तरी फ्रीज.
मांडवी ओहोटीला लागलेली.

घरी न जाता मानशीवर गेले.
आगुस्तीन जाळ्याचं भोक सांधत बसला होता.
चाळीस वर्षं तो ही फळी उचलतोय, टाकतोय,
त्याचा हुद्दा कुणी विचारलेला नाही.
"कितें गो, मेळ्ळें?"
मी मान हलवली, हो आणि नाहीच्या अधेमधे.
तो म्हणाला, काळुंद्रं आत शिरलीत पिलांसकट,
भरतीला फळी अर्धीच उचलीन.
पूर्ण उचलली तर शेतं बुडतात,
टाकून ठेवली तर पोयीतला मासा गुदमरतो.
हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.
त्यालाही ते ठाऊक होतं.

हॅचरीचा रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्या पर्समध्ये आहे,
हिशेब करताना परत मागायचं कुणाला सुचलं नाही.
काचेवर एक थेंब. मावळतीकडे धरला.
निळ्याची रेघ बारावर थांबली.
समुद्राला कमी, विहिरीला जास्त.
"कितलें?"
"बारा."
"तें म्हाका जिबेर कळटा," तो म्हणाला
आणि पाण्यात थुंकला.

नवव्या दिवशी फोन आला.
क्षेत्र समन्वयक. करार अकरा महिन्यांचा.
पगार हॅचरीपेक्षा दोन हजारांनी कमी,
तो ऐकून मी गप्प राहिले तेवढ्यात
बाई म्हणाल्या, पाणी बघा, जरूर बघा,
पण रोपांचा आकडाही लागेल.
आणि चिखलातले बूट तुमचे तुम्ही आणा.

अकरा महिने म्हणजे बावीस उधाणं.
मी बोटांवर मोजली, मग परत मोजली.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
रबरी बुटांचा एकच ढीग होता.
माझा पाय सहाचा.
पाच होते, सात होते.
सहा येत नाहीत हल्ली, दुकानदार म्हणाला.
सात घेतले.
मोजे दोन घालीन.