अकरा छर्रे

पायडल खाली जाताना एकदा, टक्.
दर फेरीला. वाठोड्यापासून गोळीबार चौकापर्यंत.
मोजायचं नव्हतं; पण दिवसभर आकडेच वाचते मी,
कान आपोआप मोजत राहिला.

शालिकराम निमजेंनी सायकल आडवी केली नाही.
पेचकसाचं टोक बीबीच्या नळीला टेकवलं,
मूठ कानाशी धरली, डोळे मिटले
आणि म्हणाले, फिरव.
मी फिरवलं.
"गिट्टी खाऊन राह्यली तुई सायकल."

मग ताटलीत दोन तऱ्हा मांडल्या.
एक सीलबंद: काडतुसासारखी, प्लास्टिकच्या पिशवीत,
सातशे वीस रुपये. आत काय ते कंपनीला ठाऊक.
तीन वर्षं काही विचारायचं नाही,
आणि मग तर नाहीच. काढायची, फेकायची, दुसरी आणायची.
दुसरी जुनी: एक्सल, दोन कप, एक रिंग
आणि कागदाच्या पुडीत, बडीशेप बांधून द्यावी तसे,
बावीस छर्रे.

"सीलवाली घेऊन टाक ताई.
कोराडीची राख, रिंगरोडची धूळ,
मे महिन्यात ग्रीस पन पातळ होऊन भायेर येते.
दर चार महिन्यानं कोन उघडत बसन?"
त्यांचा फायदाही त्यातच होता
आणि बोलतही खरंच होते. दोन्ही एकदम होऊ शकतं.

मी हो म्हणणारच होते.
पण माझा सगळा दिवस सीलबंद वस्तूंपुढे जातो.
तारेत ओवलेलं शिसं, काचेमागे युनिट.
लोक म्हणतात, मॅडम, हे जास्त धावते, उघडून पाहा ना.
मी म्हणते, मला उघडता येत नाही.
म्हणते, अर्ज करा.
नंदनवनला एका म्हाताऱ्यानं मीटरला कान लावून
मला म्हटलं होतं, ऐका.
मी फोटो काढला आणि पुढच्या घरी गेले.

पुडी उचलली मी.
"शिकवाल?"

त्यांनी आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग पाना दिला.
उजवा कप सोडायला गेले तर तो आणखीच आवळला.
"उलट्या आट्याचा हाय तो. जावई समज.
त्याच्या मनानं फिरव, तं निंगते."
घासलेट आता मिळत नाही, छर्रे डिझेलमध्ये धुतले.
पिंजऱ्यातले घेतले तर नऊ बसतात, मोकळे अकरा.
ते मोकळेच बसवतात.
थोडी जागा उरते. ती भरायची नाही.

"आता डावा कस. आनखी. जड जाते? तं सोड.
इतकूसं. धागा तुटला का मागावर
मायी माय जेवढी मागं येत जाय, तेवढंच.
क्रँक हलवून पाह्य. हलते? मंग परत.
आन हे ध्यानात ठेव, रिंग आवळशीन
तवा कप तिच्यासंग थोडा फिरनच.
तेवढं आधीच ढिलं ठेवा लागते."
किती?
"तेवढं."

पाच वेळा चुकले. दोनदा पाना घसरून
नखाखाली रक्त आलं.
सहाव्यांदा, चेन उतरवलेली, एकाच बाजूचा क्रँक,
हात सोडला तर तो खाली आला, पुढे गेला,
परत आला, पुढे गेला.
शेजारचा पानठेलेवाला सुपारी कातरायची थांबवून पाहत होता.
पेचकस मी स्वतः कानाला लावला.
आत कुणीतरी तांदूळ निवडत असावं,
तेवढाच आवाज.

एकशे चाळीस रुपये घेतले. पुडीचे आणि ग्रीसचे.
"आता यासाठी येजो नोको मायाकडं," म्हणाले,
आणि सीलवाली परत खिळ्याला टांगली.

आज चौथा महिना.
अंगणात जुनं पोतं, त्यावर परात.
उजवीकडचे अकरा.
डावीकडचे दहा.
लेक मोबाईलचा उजेड गॅस सिलिंडरखाली फिरवतो आहे.
"आई, ते सीलवालं काऊन नाही घेतलं?"
थांब, म्हणते मी,
पाय हलवू नको.