तंगूस

मारिसेलच्या ग्लू गनने
लुगड्याच्या काठाला आरसे चिकटवले, चौऱ्याऐंशी,
ड्यूटीनंतर, तीन रात्री जागून.
मग ऑगस्टात बंद गाडी, मागच्या सीटवर लुगडं.
दुपारी पाहते तर डिंक वितळून
सगळे घसरत एका घडीत जमलेले,
जाळ्याच्या खोळीत मांदेली जमावी तसे.

मुहर्रकच्या बंदरावरच्या दुकानातून
तंगुसाचं रीळ आणलं.
बांगलादेशी पोरगा म्हणाला, मॅडम, हमूर पकडणार?
म्हटलं, नाही रे, नाचणार.

दाभण, आणि बाबांची गाठ:
दोन वेढे, एक पोटातून, दातांनी ओढायची.
दर्यात सुटली नाही
ती क्लबच्या गालिच्यावर काय सुटणार?
पदराच्या टोकात शिशाचे चार मणी ओवले
जाळ्याला असतात तसले.
गिरकीत उडू नये,
उडालाच तर वळून परत यावा.

डाव्या कमरेवरचा एक आरसा
तिरपा बसलाय.
उसवायला घेतला, गाठ ऐकेना.
राहू दे.
सरावात वाकले की त्यात
हॉलची ट्यूबलाइट दिसते
आणि कडेला, घामेजलेली,
माझी हनुवटी.