बोटभर वर

"जड असेल ते घे," बाबा म्हणाले.
बाकी काहीच विचारलं नाही त्यांनी.
कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी,
वस्तू उचलल्याशिवाय तिच्याविषयी बोलत नाहीत.
तुर्भ्याच्या गाळ्यात, तांडेलांच्या समोर,
टर्नटेबल दोन्ही हातांनी बोटभर वर घेतलं,
डोळे मिटले, परत ठेवलं.
"अकरा किलो. तळ भरीव आहे."
मग कंट्रोलर, एका हाताने.
"ह्यात काय नाही."

खरंच नव्हतं.
दोन चकत्या, मधे सरकपट्टी, रंगीत दिवे,
गाणी सगळी लॅपटॉपात.
साडेअकरा हजार, बिल नको असेल तर अकरा.

तांडेल उजव्या कानाने ऐकतात.
डावा हळदींमध्ये गेला,
घणसोलीपासून दिवाळ्यापर्यंत बावीस वर्षं
मांडवाच्या त्याच खांबाला टेकून.
"पट्ट्यावर फिरणारं घेऊ नका, ताई.
पट्टा सैलावला की गाणं म्हातारं होतं.
मोटर थेट खाली हवी. हात ठेवला, सोडला,
की तबकडी लगेच चालीत आली पाहिजे."
"आणि कंट्रोलरवरचं हे बटण?"
"ते दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात."
"मग मी काय करायचं?"
तांडेल हसले.
"तेच तर."

सुई ते माझ्या हातात देईनात.
नवा हात थरथरतो, रेकॉर्डवर ओरखडा उठतो,
सुईची किंमतही त्यांनी सांगून ठेवली.
मी म्हटलं, द्या हो.
सकाळी सहापासून कोपरखैरण्यातल्या
उपाशी माणसांच्या दारात जाऊन रक्त घेते मी.
सेक्टर पाच, सेक्टर पंधरा, चौथे मजले, बिनलिफ्टचे,
सोफ्यावर बाही वर करून बसलेले आजोबा.
शीर दिसत नाही, बोटाखाली लागते.
घाई केली की पळते.
मनगट टेकवायचं, आपला श्वास अडवायचा नाही,
आणि समोरच्याला विचारायचं, आज नाश्त्याला काय?

"आज नाश्त्याला काय होतं?"
मी तांडेलांना विचारलं.
"घावणे," ते म्हणाले,
आणि गाणं सुरू झालेलं होतं.

जोडी, मधला मिक्सर, दोन सुया: छत्तीस हजार.
माझ्याकडे चौदा.
घरी ठेवायला एक इस्त्रीचं टेबल, त्याचा एक पाय आखूड.
आईला फोन केला तर म्हणाली,
मिक्सर आहे की घरात, मागच्या दिवाळीचा.

कंट्रोलर घेतला.
खोकं बाबांनी काखेत मारलं आणि
चार पावलांवर थांबले.
इतकं हलकं घेऊन मार्केटच्या दारातून जायचं,
ओळखीची माणसं बसलेली.
आत वळले, दहा किलो कांदा घेतला,
खांद्यावर टाकला,
मग नीट चालू लागले.

रात्री त्या बटणावर मी चिकटपट्टी लावली,
रक्त थांबवायला कापसावर लावते तीच.
एका कानात हेडफोन, दुसरा उघडा.
दोन गाणी सोडली.
पहिली आठ मात्रा बरी गेली, मग टापा फुटल्या,
जिन्यावरून एकाच वेळी दोघंजण पडावेत तशा.
सरकपट्टी केसभर खाली. जास्त झालं. वर. पुन्हा जास्त.
पावणेबारा वाजले.
सव्वासहाला सेक्टर पंधराचे आजोबा आहेत,
त्यांची शीर पळणारी.

स्वयंपाकघरात बाबा कांदे निवडत होते,
ओले वेगळे, मोड आलेले वेगळे.
मान वर न करता म्हणाले,
"गोण दोघांत धरली की
पाय असेच पडतात पहिल्यांदा.
डावीकडचा पुढे चाललाय.
त्याला नको ओढू.
उजवीकडच्याला जरा ढकल."